खानदेशातून मुंबईला जाऊन संग्रहालये कशी पाहावीत

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याहून मुंबईला गेलेले कुटुंब गेटवे, चौपाटी आणि खरेदी एवढे दोन दिवसांत उरकते, आणि संग्रहालय पाहिलेच तर अखेरच्या दिवशी, परतीच्या गाडीला दोन-तीन तास उरले आहेत म्हणून पाहते. अशा भेटीतून घरी येते ते फक्त पायांचे दुखणे. म्हणून एका दिवसात एकच मोठे संग्रहालय पाहायचे, हे घरून निघतानाच ठरवावे. आणखी वेळ उरला, तर जवळचे एखादे लहान दालन पाहता येते.

तयारीची सुरुवात मात्र आपल्याच जिल्ह्यातून करावी. काचेच्या कपाटासमोर थांबणे, वस्तूखालची पाटी वाचणे आणि न कंटाळता हळूहळू पुढे सरकणे ही सवयीची गोष्ट आहे, आणि ती सवय मुलांना मुंबईच्या गर्दीत लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याचे संग्रहालय धुळेकरांपैकीही अनेकांनी आतून पाहिलेले नसते. जळगावच्या जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे. चाळीसगावला स्थानकाजवळच कलामहर्षी केकी मूस यांचे घर संग्रहालय म्हणून जपलेले आहे. मुंबईत जन्मलेला हा पारशी छायाचित्रकार चाळीसगावच्या त्या घरात आयुष्यभर जवळजवळ एकांतात राहिला आणि मेजावर मांडलेल्या छोट्या वस्तूंतून त्याने अस्सल वाटणारी दृश्ये टिपली. यांपैकी एक ठिकाण आधी पाहिले, तर आपल्या घरातली माणसे किती वेळ रमतात याचा अंदाज येतो आणि मुंबईचा बेत त्या मानाने आखता येतो.

त्यानंतर वार पाहावा. ही बाब किरकोळ वाटते, पण सर्वाधिक फजिती येथेच होते. घारापुरीची लेणी आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतात, तर भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि त्याला लागून असलेली राणीची बाग बुधवारी बंद असते. आम्ही स्वतः एकदा रात्रभर प्रवास करून, मुलांना अर्धवट झोपेतून उठवून, एका संग्रहालयाच्या बंद फाटकापुढे जाऊन उभे राहिलो होतो. चूक आमचीच होती, कारण वार विचारण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. जुन्या इमारतींत डागडुजीसाठी काही दालने अधूनमधून मिटलेली असतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी दूरध्वनी करून खात्री करावी. शाळेची सहल न्यायची असल्यास मुख्याध्यापकांचे पत्र आधी पाठवावे आणि सवलतीची चौकशी त्याच वेळी करावी.

भुसावळ-जळगावहून रात्रीच्या गाडीने निघाले की पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते. नंदुरबारकरांची वाट सुरतेवरून पश्चिम रेल्वेने जाते, हे लक्षात घेऊन त्यांनी पुढची जुळणी करावी. सामान खांद्यावर घेऊन संग्रहालय पाहता येत नाही. ते स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवावे; तेथे बॅगेला कुलूप लागते आणि तिकीट दाखवावे लागते. संग्रहालये साधारणपणे दहाच्या सुमारास उघडतात, म्हणून हाती असलेल्या वेळात स्थानकाची इमारतच बाहेरून नीट पाहून घ्यावी. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार ती बांधली गेली, आणि कमानींवर, खांबांच्या माथ्यांवर कोरलेले प्राणी, पक्षी व पाने मुलांना मोजायला सांगितली, तर अर्धा तास सहज जातो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी याच वेळी संपवावी, कारण दालनांत खाण्याचे पदार्थ नेता येत नाहीत.

स्थानकापासून दादाभाई नौरोजी मार्गाने, हुतात्मा चौकावरून काळा घोड्यापर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेथेच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. पायाभरणी १९०५ मध्ये झाली, वास्तुरचना जॉर्ज विटेट यांची होती आणि इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली. परंतु पहिल्या महायुद्धात तिचा लष्करी रुग्णालय म्हणून वापर झाल्याने जनतेसाठी ती १९२२ मध्ये खुली झाली. आत शिरल्यावर लगेच डावी-उजवीकडे न वळता मधल्या घुमटाखाली उभे राहावे आणि वर पाहावे. तेथील सज्जा, कठडे आणि लाकडी खांब अठराव्या शतकातील एका वाड्याचे आहेत, आणि ज्यांनी आपल्या गावातला जुना वाडा पाहिला आहे त्यांना ते ओळखीचे वाटतात.

येथे सर्व काही पाहण्याचा हट्ट धरू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. तळमजल्यावरील शिल्पे, लघुचित्रे आणि आणखी एखादे दालन, अशी तीन दालने निवडावीत. सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपाची भाजक्या मातीची शिल्पे शिल्पांत अवश्य पाहावीत. लघुचित्रांच्या दालनात उजेड मंद असतो. तो काटकसरीसाठी नसून प्रकाशाने रंग फिके पडतात म्हणून तसा ठेवलेला असतो, आणि फ्लॅशला बंदी असते तीही त्याच कारणाने. डोळे सरावेपर्यंत मिनिटभर थांबावे. मग एकच चित्र घ्यावे, त्याची पाटी न वाचता आधी पाच मिनिटे फक्त पाहावे, माणसे किती, ऋतू कोणता, कोण कोणाकडे पाहत आहे हे आपसांत बोलावे, आणि नंतरच पाटी वाचावी. पाटी आधी वाचणारा माणूस बहुधा चित्र पाहतच नाही. मुलांजवळ पेन न देता पेन्सिल आणि छोटी वही द्यावी. दीड-दोन तासांनी बाहेरच्या बागेत विसावा घ्यावा. वडीलधारी मंडळी सोबत असल्यास त्याहीपूर्वी. उरलेला वेळ शेजारच्या जहांगीर कलादालनाला द्यावा. तेथे प्रवेशशुल्क नाही आणि कित्येकदा चित्रकार स्वतः भेटतात. त्यांना प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

दुसऱ्या दिवशी धीम्या लोकलने भायखळ्याला जावे. टर्मिनसपासून ते तिसरे स्थानक आहे. राणीच्या बागेच्या आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये सुरू झाले. जुन्या मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींची, धंद्यांची आणि पागोट्यांची मातीची छोटी प्रतिरूपे येथे आहेत, आणि माझ्या मते लहान मुलांसाठी मुंबईतले सर्वांत सोपे संग्रहालय हेच. बाहेरच्या अंगणात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडले, तो एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळाही १९६५ मध्ये काळा घोड्याहून हलवल्यानंतर याच परिसरात आला. आदल्या दिवशी मुलांनी घोड्याची चौकशी केली असेलच, तिचे उत्तर येथे मिळते.

तिसरा दिवस हाताशी असेल, तर गेटवेवरून लाँचने घारापुरीला जावे, मात्र चढताना परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ विचारून घ्यावी. समुद्र नको असल्यास गावदेवीचे मणिभवन पाहावे, जेथे गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत मुक्काम करीत. जळगावचे गांधीतीर्थ आधी पाहिलेल्यांना तेथे कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही.

भाऊ दाजींचे नाव भायखळ्यात वाचले असेल, तर परत आल्यावर अजिंठ्याला पुन्हा एकदा जावे. जळगावहून अंतर साठेक किलोमीटर आहे, आणि सहलीत सर्वांनी ते पाहिलेले असते. परंतु तेथील शिलालेखांचे वाचन मुंबईत वैद्यकी करणाऱ्या याच भाऊ दाजींनी एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध केले होते, आणि चित्रांच्या नकला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून काढल्या होत्या; लंडनला पाठवलेल्या त्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ च्या आगीत जळाल्या. लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा रविवारी किंवा शाळेच्या सुटीत जावे, आणि पेन्सिल-वही बरोबर घ्यावी.