किल्ट घालून स्कॉटिश संचलनाला जाताना

नागपूरकरांना स्कॉटलंड अगदीच परके नाही, कारण १८८३ साली सुरू झालेल्या हिस्लॉप महाविद्यालयाला स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचेच नाव दिलेले आहे. मुलाकडे न्यूयॉर्कला गेल्यावर एप्रिलमधील टार्टन डे या स्कॉटिश वारशाच्या दिवसाचे संचलन किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे कमरेला गुंडाळायचे निऱ्यांचे वस्त्र, घालून पाहण्याची इच्छा असेल, तर तयारी येथूनच करावी.

नऊवारीच्या निऱ्या पुढे येतात, किल्टच्या मात्र मागे. पुढचा भाग सपाट राहतो आणि वरचा पदर उजव्या बाजूला बंद होतो. किल्ट कमरेवर उंच बांधावा, म्हणजे त्याची खालची कड गुडघ्याच्या मध्यावर येते. पदराच्या उजव्या कोपऱ्यातील पिन फक्त वरच्या थरात लावावी, दोन्ही थर जोडल्यास कापड ताणून फाटते, आणि नवखे लोक नेमके येथेच चुकतात. पुढे स्पोरन ही लहान पिशवी लटकवावी. मोज्यात खोचायचा छोटा सुरा विमानात हातातील सामानात नेता येत नाही. पाहुण्याने तो वगळावा, असे मला वाटते.

१७४६ च्या कायद्याने हायलँड या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील पुरुषांना हा पोशाख करण्यास बंदी केली होती आणि ती १७८२ मध्येच उठली, म्हणून त्याला गंमतीचा वेश समजू नये. पारंपरिक किल्टला सुमारे आठ यार्ड लोकरी कापड लागते. त्यामुळे तो घालून चालण्याचा सराव नागपुरात डिसेंबर-जानेवारीतच उरकावा.