नसबंदीआधी वीर्य गोठवून ठेवायचं असेल तर

नसबंदीची तारीख आधी ठरवू नका. वीर्य गोठवून झालं, त्यातली एक कुपी वितळवून तपासली आणि तो रिपोर्ट हातात आला, की मग सर्जनकडे दिवस मागा. ऑपरेशन चार दिवसांवर आलं असेल तर एकाच नमुन्यावर भागवावं लागतं, आणि तो कमजोर निघाला तर दुसरा द्यायला वेळच उरत नाही.

दीड-दोन महिने हाताशी ठेवावेत. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आजच्या नमुन्यात मागच्या आजारपणाचा हिशेब दिसतो. पावसाळ्यात डेंगी-चिकुनगुनियाचा सणसणीत ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबा. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावं, कारण त्या इंजेक्शनांनी शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पडू शकते.

कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीर्यतपासणी होते, साठवण नाही. साठवणीसाठी 2021 च्या एआरटी कायद्याखाली (म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांच्या कायद्याखाली) नोंदणी झालेलीच वीर्यबँक हवी. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नका. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिस यांच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात. ओळखपत्र सोबत न्या.

नमुन्याआधी दोन ते पाच दिवस वीर्यपतन नको. जास्त थांबलं की जास्त मिळतं असं अनेकांना वाटतं. संख्या वाढते खरी, पण हालचाल मंदावते. लघवी करून, हात आणि लिंग साबणाने धुऊन कोरडं करा. थुंकी, तेल, क्रीम, साधा कंडोम यातलं काहीही वापरू नका, शुक्राणू मरतात. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वाधिक असतात. तेच डबीबाहेर गेले तर लपवू नका, लॅबला सांगा, नाहीतर आकडे फसवे येतात. बँकेच्या खोलीत जमत नसेल तर घरून आणायची परवानगी बऱ्याच ठिकाणी मिळते, फक्त डबी त्यांचीच घ्या. तासाभरात पोचवायचं असतं, आणि पुण्यात सिंहगड रोडवरून डेक्कनला संध्याकाळी यायचं म्हणजे तो तास सहज जातो, म्हणून सकाळची वेळ घ्या. डबी अंगाजवळ, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत टाकू नका, बर्फातही नको. देताना डबीवरचं नाव आणि नंबर स्वतः वाचून घ्या.

पुढचं काम लॅबचं. वीर्य पातळ झालं की मोजणी होते, मग ग्लिसरॉल असलेलं द्रावण थेंबाथेंबाने मिसळतात, म्हणजे पेशींच्या आत बर्फाचे स्फटिक होत नाहीत. आधी नायट्रोजनच्या वाफेत, नंतर उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये कुप्या उतरवतात.

एवढं करूनही वितळल्यावर साधारण निम्मे शुक्राणू हालचाल गमावतात, म्हणून हिशेब आधीच करा. समजा, 3 मिली वीर्य, मिलीमागे 4 कोटी शुक्राणू आणि त्यातले निम्मे गतिमान, म्हणजे एकूण 6 कोटी. तेवढंच द्रावण मिसळून 1 मिलीच्या सहा कुप्या झाल्या, तर वितळल्यावर एका कुपीत जेमतेम 50 लाख उरतात, आणि लॅबमध्ये धुताना, म्हणजे चांगले शुक्राणू वेगळे काढताना, त्यातलेही काही जातात. आययूआयसाठी, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्यासाठी, धुतल्यावर निदान 50 लाख ते 1 कोटी हाती असावेत. म्हणजे एका प्रयत्नाला दोन-तीन कुप्या जातात. इक्सीला, म्हणजे लॅबमध्ये स्त्रीबीजात सुईने शुक्राणू सोडायच्या पद्धतीला, एका बीजामागे एक जिवंत शुक्राणू पुरतो, पण त्यासाठी बायकोला इंजेक्शनं आणि बीज काढण्याची प्रक्रिया सोसावी लागते. थोडक्यात, तुम्ही आज कंटाळून एकच नमुना दिलात तर भार तिच्यावर जातो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन ते तीन नमुने द्या आणि चाचणीसाठी वितळवलेल्या कुपीचा आकडा लेखी मागा.

सगळ्या कुप्या एकाच टाकीत आहेत का, नायट्रोजनची पातळी कोण आणि किती दिवसांनी नोंदवतं, पातळी घटली तर अलार्म वाजतो का, हे विचारा. शक्य असेल तर कुप्या दोन टाक्यांत विभागून घ्या. साठवणीचं वार्षिक भाडं थकलं की नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, म्हणून घर किंवा मोबाइल नंबर बदलला की बँकेला लेखी कळवा.

कायद्याने आययूआय, इक्सीसारखे उपचार पुरुषाला 55 आणि स्त्रीला 50 वर्षांच्या आतच मिळतात. तुम्ही आज 48 चे असाल तर हातात सात वर्षं आहेत, भाडं कितीही भरलं तरी. आणि ‘वाटलंच तर पुढे मूल’ असं मनात खरोखर घोळत असेल, तर नसबंदी थांबवलेली बरी. कुप्यांमधून मूल होईलच अशी हमी कोणीही देत नाही.

संमतीपत्रातले मृत्यू, घटस्फोट आणि भाडं थकणं यांपुढचे रकाने रिकामे सोडून सही करू नका. तिन्ही बायकोसोबत बसून भरा.

नसबंदीनंतर लगेच निर्धास्त होऊ नका. नळीत पुढे उरलेले शुक्राणू निघून जायला वेळ लागतो. तीन महिन्यांनी तपासणीत शुक्राणू शून्य येईपर्यंत कंडोम किंवा दुसरं साधन चालू ठेवा.