मित्राला गाणे किंवा अल्बम कसा सुचवावा

आवडलेले गाणे मित्राला पाठवणे आज क्षणाचे काम आहे. त्याने ते खरोखर ऐकावे, यासाठी मात्र थोडी तयारी करावी लागते. एकामागून एक आलेल्या दहा लिंकांपैकी बहुधा एकही उघडली जात नाही, पण एकच रचना, ती का पाठवली हे सांगणाऱ्या दोन ओळींसह आली, तर माणूस तिच्यासाठी वेळ काढतो. म्हणून एका वेळी एकाच व्यक्तीला एकच रचना सुचवावी.

सुरुवात ऐकणाऱ्यापासून करावी. तो एरवी काय ऐकतो, कधी ऐकतो आणि सलग किती वेळ देऊ शकतो, हे आठवून मगच निवड करावी. लोकलच्या गर्दीत ऐकणाऱ्याला विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतले शास्त्रीय गायन, पाठवणे त्या ख्यालावरही अन्याय करणारे आहे. चित्रपटगीतांत रमणाऱ्या मित्राला शास्त्रीय गायनाची गोडी लागावी असे वाटत असेल, तर भीमसेन जोशी यांचे अभंग आधी द्यावेत, कारण त्यांतले शब्द कानावरचे असतात, ठेका सहज पकडता येतो आणि तरीही ख्यालगायकाच्या गळ्याची ताकद स्पष्ट जाणवते. ती गोडी लागल्यावर किशोरी आमोणकर यांनी गायलेल्या भूप रागाकडे वळावे. त्यात ‘प्रथम सूर साधे’ हा विलंबित ख्याल आधी येतो आणि ‘सहेला रे’ ही द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश नंतर; नवख्याला मात्र द्रुत बंदिश आधी ऐकायला सांगावी आणि ती कोणत्या मिनिटाला सुरू होते, तेही लिहून द्यावे. यूट्यूबवर ठरावीक क्षणापासून सुरू होणारी लिंक पाठवण्याची सोय आहे, तिचा येथे फार उपयोग होतो.

त्यानंतर नेमके कोणते ध्वनिमुद्रण ऐकायचे, ते ठरवावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. गीतरामायणाचेच पाहा. 1955-56 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकरांची ही 56 गीते आठवड्याला एक अशी प्रसारित झाली, तेव्हा ती माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांनी गायली होती. पुढे घरोघरी पोहोचलेल्या ध्वनिमुद्रिकांत मात्र संगीतकार सुधीर फडके यांचाच आवाज आहे. दोन्हींचा अनुभव वेगळा आहे, त्यामुळे नुसते ‘गीतरामायण ऐक’ म्हटल्याने मित्राला काहीच नेमके कळत नाही, आणि शोधताना त्याच्या हाती एखाद्या तिसऱ्याच गायकाचे सादरीकरण लागण्याची शक्यता राहते. यासाठी गायक, संगीतकार आणि कवी यांची नावे लिंकेसोबत लिहावीत. मित्राकडे तुमचे ॲप नसले किंवा लिंक पुढे बंद पडली, तरी या नावांवरून त्याला तेच गाणे शोधता येते.

आता चिठ्ठी. ‘अप्रतिम आहे, ऐकच’ असे लिहिल्याने आपला उत्साह कळतो, पण कान कोठे द्यायचा हे कळत नाही. त्यापेक्षा, ‘तुला बासरी आवडते म्हणून हे पाठवत आहे, सुरुवातीला संतूर एकटे वाजते, बासरी नंतर येते, तिथपर्यंत धीर धर’ असे लिहावे. रचनेतली एकच जागा दाखवावी आणि बाकीच्या त्याला सापडू द्याव्यात.

संपूर्ण अल्बम सुचवताना क्रमाला जपावे लागते. 1967 चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा अल्बम काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस उलगडतो. पहाटेच्या अहिर भैरव रागाने तो सुरू होतो आणि नट भैरव, पिलू, भूप, देस असे प्रहर ओलांडत पहाडीवर थांबतो. संतूर, बासरी आणि गिटार यांचा हा संवाद शास्त्रीय संगीताची काहीही ओळख नसलेल्यालाही धरून ठेवतो, त्यामुळे पहिली शिफारस म्हणून मी याच अल्बमला पसंती देतो. मात्र त्यातल्या रचना उलटसुलट वाजल्या, तर दिवसच मोडतो. म्हणून शफल बंद ठेवून सुमारे 40 मिनिटे सलग ऐकायला सांगावे. नंतरच्या काही आवृत्त्यांत जादा रचना जोडल्या आहेत, तेव्हा पहाडीपाशी थांबावे हेही सुचवावे. काही ॲपांच्या मोफत सेवेत मध्येच जाहिराती येतात, आणि देस संपताच कानावर पडणारी जाहिरात सगळा परिणाम घालवते. शक्य असेल, तर अशा अल्बमसाठी मित्राला घरी बोलवावे आणि स्पीकरवर बरोबरच ऐकावे. ऐकताना बोलणे टाळावे.

पाठवल्यानंतर निदान आठवडाभर ‘ऐकलेस का?’ असे विचारू नये. विचाराल तेव्हाही आवडले की नाही यापेक्षा त्यातले काय लक्षात राहिले, हे विचारावे, कारण त्या उत्तरातूनच पुढची निवड सुचते: ठेक्याविषयी बोलणाऱ्याला तबल्याकडे नेता येते, शब्दांविषयी बोलणाऱ्याला भावगीतांकडे. नाही आवडले असे तो म्हणाला, तर समर्थन करत बसू नये. त्याने सुचवलेले गाणेही तितक्याच निगुतीने, त्याने सांगितलेल्या वेळी आणि शेवटपर्यंत ऐकावे, आणि त्यातली कोणती जागा आवडली ते त्याला कळवावे.