लाळेवरून हिरड्यांचा आजार पकडताना: चाचणी कशी करावी, कुठे फसते

"डॉक्टर, दात हलायलेत" असं म्हणत पेशंट येतो, तोवर दाताभोवतीचं हाड बरंच झिजलेलं असतं. पायरिया, म्हणजे हा हिरड्यांचा आजार, सहसा दुखत नाही, म्हणून उशीर होतो. त्यात मिश्री आणि तंबाखू. निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि आतून पोखरलेली हिरडी वरून ठणठणीत दिसते. अशा तोंडात लाळेची चाचणी खरोखर कामाला येते.

हिरडी सुजली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी एमएमपी-८ हे एन्झाइम सोडतात. ते सक्रिय झालं की दात धरून ठेवणारं कोलॅजन तोडतं. प्रोबने, म्हणजे हिरडीची खोली मोजायच्या बारीक खुणांच्या सळईने, आजवरचं नुकसान मोजता येतं; आत्ता तोडफोड चालू आहे का, याचा अंदाज सक्रिय एमएमपी-८ देतं. दवाखान्यात वापरायच्या चाचणी-पट्टीची मर्यादा साधारण २० नॅनोग्रॅम प्रति मिली असते; त्याच्या वर गेलं की पट्टीवर दुसरी रेघ उमटते. इंटरल्युकिन-१ बीटा हे सुजेचं प्रथिनही लाळेत वाढतं, पण त्यासाठी प्रयोगशाळा आणि बर्फातला नमुना लागतो. तालुक्याच्या दवाखान्याने त्याच्या मागे लागू नये.

अपॉइंटमेंट देतानाच सांगायचं: "मामा, यायच्या आधी तासभर खाणं, चहा, पुडी, मिश्री काही नको. ब्रशही नको." मिश्रीचे काळे कण फिल्टरमध्ये अडकतात आणि पट्टीवरची फिकट रेघ वाचता येत नाही. तोंड आलेलं असेल किंवा नुकताच दात काढला असेल, तर जखम भरेपर्यंत थांबा; आकडा खोटा वाढतो. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर उलट होतं, कारण ते एमएमपीच दाबतं.

चाचणी प्रोबिंगच्या आधी करा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: आधी खिसे (हिरडी आणि दातामधली खोल फट) मोजले, रक्त निघालं, मग नमुना घेतला. रक्तासोबत न्यूट्रोफिलही येतात. नमुना गुलाबी दिसला तर टाकून द्या, दुसऱ्या दिवशी बोलवा.

आधी साध्या पाण्याने ३० सेकंद चूळ भरून थुंकायला लावा. मिनिटभर थांबा. मग किटमधल्या ५ मिली शुद्ध पाण्याने ३० सेकंद खळखळून, न गिळता, सगळं कपात. इथे बोअरचं क्षाराचं पाणी चालत नाही आणि ५ च्या जागी १० मिलीही चालत नाही. नमुना पातळ झाला की आजारी तोंडही निरोगी दिसतं. सिरिंजने फिल्टरमधून गाळून ३-४ थेंब पट्टीवर सोडा, घड्याळ लावा, किटच्या माहितीपत्रकातल्या वेळेलाच वाचा. उशिरा उमटलेली रेघ धरायची नाही. नियंत्रण रेघच (पट्टी नीट चालली हे दाखवणारी पहिली रेघ) आली नाही तर पट्टी बाद. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि वीजही जाते, म्हणून किट पत्र्याखालच्या कपाटात ठेवू नका. डब्यावरचं तापमान पाळा.

दुसरी रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच. पण ती कुठला दात ते सांगत नाही. प्रत्येक दाताच्या सहा बाजू मोजाव्याच लागतात. ४ मिमी आणि त्यापुढचा खिसा नोंदवा, एक्स-रे काढा. मोजकेच दात उरलेल्या आजोबांची पट्टी निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबू नका, सुजायला हिरडीच थोडी असते. पॉझिटिव्ह पेशंटचं एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी रक्तशर्करा) बघितलेलं बरं. साखर आणि पायरिया एकमेकांना वाढवतात.

खोल सफाईनंतर साधारण ३ महिन्यांनी त्याच वेळी, त्याच कंपनीच्या किटने पुन्हा करा. सकाळची एक आणि संध्याकाळची एक अशी तुलना जुळत नाही. दुसरी रेघ गेली, खिसे आटले, तर पुढची तपासणी ३ ते ६ महिन्यांनी. रेघ तशीच राहिली तर आधी हिरडीखाली उरलेलं किटण शोधा, विशेषतः मागच्या दाढांच्या मुळांच्या दुबेळक्यात. मग तंबाखूचं विचारा, मग साखरेचं. केसपेपरवर तारीख, वेळ, शेवटची पुडी कधी खाल्ली आणि रेघ, चारही लिहा.