रुमाल सोडण्यापूर्वी

आजींनी पहिल्या दिवशी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. वाडा कुळकर्ण्यांचा, मागची पडवी कोसळलेली. माळ्यावर कागदांची लोखंडी पेटी आहे, एवढी बातमी आमच्या इतिहास मंडळातल्या एका जुन्या सभासदांनी दिली होती. मी नुकतीच मोडी शिकले होते, त्यामुळे कधी एकदा ती पेटी उघडते असं झालं होतं. आजींनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांच्या हयातीत असेच एक गृहस्थ आले होते. महिन्याभरात परत देतो म्हणून गाठोडं घेऊन गेले. सासरे वाट बघतच गेले. तुम्ही पाणी प्या आणि या."

या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी ही गोष्ट सांगते. आपण ज्या दारात उभे राहतो, तिथे आपल्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं असतं. त्यानं जे केलं त्याचा हिशेब आपल्याकडून मागितला जातो, आणि तो द्यावा लागतो.

मंडळ म्हणजे काय, हे थोडक्यात. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ सगळ्यांना माहीत असतं. ७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्या साथीनं ते स्थापन केलं. राजवाडे डिसेंबर १९२६ मध्ये धुळ्याला वारले, आणि त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी तिथे त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. पण तालुक्याच्या गावी असलेली मंडळं फार लहान असतात. आमचं मंडळ वाचनालयाच्या वरच्या दोन खोल्यांत आहे. चार लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, आणि गुरुवारी संध्याकाळी जमणारी आठ-दहा माणसं: निवृत्त शिक्षक, एक सर्व्हेअर, एक कापड दुकानदार, दोन-तीन विद्यार्थी. नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० या दोन्हींखाली असते, म्हणून दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. नव्या माणसाच्या वाट्याला पहिल्या वर्षी हेही काम येतं. कंटाळू नका. ज्या मंडळाचे हिशेब चोख असतात, त्याच्यावर कागद सोपवायला लोक कचरत नाहीत.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मंडळाच्या कपाटातला एक रुमाल माझ्याकडे यादी करायला दिला. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. दप्तरखान्यातला हा जुना शब्द आम्हीही वापरतो. मी उत्साहात ते सोडलं आणि सगळे कागद विषयवार लावले. वतनाचे एकीकडे, देवस्थानाचे दुसरीकडे, खाजगी पत्रं तिसरीकडे. टेबल नीटनेटकं दिसत होतं. संध्याकाळी आमच्या कार्यवाहांनी ते पाहिलं आणि खुर्चीत बसले. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "हे पत्र कोणत्या कागदाच्या घडीत होतं?" मला सांगता आलं नाही. त्या पत्रावर ना साल होतं, ना गाव. ते ज्या महजराच्या, म्हणजे निवाड्याच्या कागदाच्या, घडीत ठेवलेलं होतं, त्यावरूनच त्याचा काळ आणि प्रसंग कळला असता. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कुणा कुळकर्ण्यानं विचार करून एकत्र बांधलेले कागद मी एका दुपारी विस्कटले होते. ते पत्र आजही आमच्या यादीत "काळ व संदर्भ अज्ञात" म्हणून आहे. त्यातला मजकूर स्पष्ट वाचता येतो, पण त्याचा उपयोग करता येत नाही.

म्हणून रुमाल सोडण्यापूर्वी वही उघडायची. कुणाच्या घरचा, कुणी दिला, कोणत्या दिवशी, देणगी म्हणून की वाचून परत देण्यासाठी, हे आधी लिहायचं आणि देणाऱ्याची सही घ्यायची. बांधलेल्या रुमालाचा फोटो घ्यायचा. मग वरून खाली, ज्या क्रमानं कागद निघेल त्या क्रमानं आकडा. आकडा कागदावर लिहायचा नाही. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोत शेजारी ठेवायची, तिच्याशेजारी मोजपट्टी. घडीत घडी असेल तर १२-अ, १२-आ. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही फोटो घ्या. लांब कागद तुकडे जोडून केलेले असतात आणि सांध्यावर मागून शिक्का उमटवलेला सापडतो. तो पाहिला नाही तर मधला तुकडा नंतर घुसडलेला आहे का, हे कळायचं नाही. खोट्या सनदा करणारेही त्या काळी होतेच.

हातमोजे घालायचे का, असं सगळे विचारतात. जुन्या कागदासाठी धुऊन कोरडे केलेले हात बरे; सुती मोज्यात बोटांना कड कळत नाही आणि कागद फाटतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश नको, दारातून येणारा उजेड पुरतो. आणि चिकटपट्टी कधीही, कुठेही लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा डिंक कागदात उतरतो आणि अक्षरासकट निघते. आमच्याकडे आलेल्या कागदांचं वाळवीपेक्षा प्रेमानं लावलेल्या चिकटपट्टीनं जास्त नुकसान केलं आहे. हातकागद मुळात टिकाऊ असतो. तो कोरडा ठेवावा, सुती कापडात बांधावा, जवळ वेखंडाची पुरचुंडी ठेवावी आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहावा, एवढं तर घरच्या घरीही जमतं.

मोडीबद्दल. अक्षरओळख तीन-चार आठवड्यांत होते. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग असतात, काही विद्यापीठांत प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत, अनेक मंडळंही शिकवतात. पण वर्गातल्या तक्त्यावरची मोडी आणि घाईत लिहिणाऱ्या कारकुनाची मोडी यांत मोठं अंतर असतं. आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढलेली, तिला खाली अक्षरं लगटलेली. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ एकच. वर संक्षेप: मौजे म्हणजे मौ।, परगणे म्हणजे प॥. मला एका हाताचं वळण सरावाचं व्हायला वर्ष लागलं. उपाय एकच सापडला: रोज एक पान, आणि एकाच लेखकाची दहा पानं झाल्याशिवाय दुसरा हात घ्यायचा नाही.

तारखांनी सुरुवातीला फार छळलं, म्हणून एक उदाहरण देते. "सु॥ सबा सितैन मया व अलफ, छ ११ रबिलाखर." हे अरबी आकडे आहेत: सबा ७, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६७. हा सुहूर सन, जुन्या मराठी दप्तरातली कालगणना; सु॥ हा त्याचाच संक्षेप. त्यात ५९९ मिळवले की १७६६ येतं. पण हे साल मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे महिन्यातल्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. छ म्हणजे चंद्र, आणि रबिलाखर हा हिजरी महिना, तो त्या वर्षी सप्टेंबरात येतो. म्हणजे कागद सप्टेंबर १७६६ चा, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला. शकात असेल तर सोपं, ७८ मिळवायचे; शकवर्षाच्या शेवटी, जानेवारी ते मार्चमध्ये येणाऱ्या कागदाला ७९. पहिल्यांदा कुणाच्याही मदतीशिवाय अशी तारीख सोडवली, त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आजींकडे आम्ही परत गेलो, ते तीन महिन्यांनी. या वेळी आमच्याकडे लेखी ठराव होता: एकही कागद घराबाहेर नेणार नाही, ओसरीवर बसून फोटो घेऊ, प्रत्येक फोटोची छापील प्रत घरी देऊ. आजींच्या मुलानं ठराव वाचून दाखवला. आजींनी एकच अट घातली, पेटी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बंद व्हायला हवी. चार दिवस लागले, दोनशे सोळा कागद निघाले.

त्यात एक महजर होता. महजर म्हणजे गोतसभेसमोर, गावच्या पंचांच्या सभेसमोर, झालेल्या निवाड्याचा कागद. पाटीलकीच्या वाटणीचा वाद, त्यावर सारा गाव साक्षीला बसलेला. खाली ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपल्या धंद्याचं हत्यार काढलं होतं. पाटलाचा नांगर, सुताराचं वाकस, लोहाराचा हातोडा, परटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. या निशाण्यांबद्दल मी वाचलं होतं, पण बोरूच्या चार फराट्यांत काढलेला तो आरसा प्रत्यक्ष पाहिला तेव्हा हात थांबला. एवढ्या कागदांत राजाचं नाव क्वचित येतं. हा आरसा काढणारा माणूस मात्र याच गावचा होता.

आजींच्या परवानगीनं आम्ही त्या महजराची मोठी छायाप्रत करून गावच्या जत्रेत देवळाच्या ओवरीत लावली, शेजारी देवनागरी वाचन. किल्ले आणि तलवारींच्या प्रदर्शनाला मुलं येतात, पाहतात आणि निघून जातात. इथे माणसं थांबली. ज्यांच्या घरी आजही सुतारकाम चालतं, ते त्या वाकसाकडे बोट दाखवून नातवाला सांगत होते. मंडळानं जतन करावं हे खरं, पण जे जपलं ते त्याच गावात परत नेऊन दाखवणं हे मला आता निम्मं काम वाटतं. आम्ही त्यात वर्षानुवर्षं कमी पडलो आहोत. व्याख्यानं तालुक्याच्या सभागृहात होतात आणि कागद ज्या गावचे, तिथे कुणाला पत्ताही नसतो.

याला एक मर्यादाही आहे. वतनाचे वाद संपले तरी त्या घरांमधली ओढाताण कधी कधी संपलेली नसते, आणि जमिनीचे दावे तर चालूच असतात. कागदांत जातींची उतरंडही उघडी दिसते; कुणाला मान पहिला, कुणाला वेशीबाहेर उभं राहायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. ते लपवायचं नाही. पण ज्यांच्याबद्दल आहे, त्यांच्याशी आधी बोलल्याशिवाय ते फलकावर लावायचंही नाही. वाचन द्यावं, कुणाचा हक्क खरा यावर मंडळाच्या शिक्क्यानं मत देऊ नये. हा नियम आम्ही भांडण अंगावर आल्यावर केला. तुम्ही आधीच करा.

कायद्याचंही थोडं. शेतात नांगरताना नाणी निघाली की लोक मंडळाकडे आणतात. ती ठेवून घ्यायची नाहीत. १८७८ चा निखात निधी कायदा आहे, सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. त्या माणसाबरोबर तुम्हीच कचेरीत जा. वीरगळ (वीराची स्मारकशिळा) आणि गद्धेगाळ (शापवचनाची दानशिळा) जागेवरून हलवू नका. शेंदूर किंवा ऑइल पेंट फासलेली शिळा घासायलाही जाऊ नका. आधी फोटो, मापं, दिशा. अक्षरं असतील तर जाणकाराला बोलावून ओल्या कागदावर ठसा घ्यावा.

पोटापाण्याचं विचाराल, तर मंडळातून घर चालत नाही. आम्हाला प्रवासखर्च मिळतो. पुराभिलेखागारात, संग्रहालयात जागा थोड्या निघतात. पण मोडी वाचणाऱ्याला लिप्यंतराचं काम मिळतं: जुनी खरेदीखतं, कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कचेऱ्यांतून मोडी वाचकांची एकदम गरज पडली, आणि आमचे तीन विद्यार्थी कित्येक महिने त्याच कामात होते. मी स्वतः सकाळी एका पेढीत हिशेबाचं काम करते आणि दुपारनंतर लिप्यंतराचं. तुमच्या तालुक्यात मंडळ असेल तर बैठकीच्या वारी जा आणि थेट संशोधनाचा विषय मागू नका. दाखल नोंदवही, म्हणजे मंडळात आलेल्या कागदांची वही, मागा. ती अपुरी असेलच. ती पूर्ण करताना संग्रह जेवढा कळतो, तेवढा दुसऱ्या कशानं कळत नाही.

आजींना आम्ही वाचनाची बांधीव प्रत दिली, ती दिवाळीच्या आधी. त्यांनी चष्मा लावून यादी चाळली आणि एकशे चाळिसाव्या आकड्यावर थांबल्या. तो लग्नखर्चाचा एक ताव होता: गूळ, तूप, पासोड्या, वाजंत्री. त्यांच्या सासऱ्यांच्या आजीच्या लग्नाचा. "हिचं नाव मला कुणी सांगितलंच नव्हतं," म्हणाल्या, आणि मला ते पुन्हा वाचायला लावलं.