रिसेल फ्लॅट घेताय? वाढीव बांधकामाच्या या चुका टाळा

माझ्या मावसभावानं पिंपरीत टॉप फ्लोअरचा फ्लॅट घेतला, वर टेरेसवर पत्रा टाकून काढलेली एक खोली. मालक म्हणाला, 'ही फ्रीच समजा', आणि आमचा गडी खुश. सहा महिन्यांत महापालिकेची अनधिकृत बांधकामाची नोटीस आली, आणि फ्री कसली, त्याच खोलीपायी चार लाख जास्त मोजलेले.

त्याची चूक एकच, घरपट्टीची पावती आणि लाइटबिल बघून निर्धास्त झाला. अहो, महापालिका अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लावते, वर शास्तीकर, म्हणजे दंडाचा कर, लावू शकते. पिंपरी-चिंचवडला २०२३ मध्ये शास्ती माफ झाली तेव्हा हा म्हणे आता खोली रेग्युलर झाली! शास्ती गेली, बांधकाम आहे तसंच अनधिकृत. रजिस्ट्रेशनचंही तेच, दस्त नोंदवला म्हणजे नकाशा पास आहे असं होत नाही.

'रेरा नंबर (गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी) आहे ना, मग झालं' हेही डोक्यातनं काढा. कल्याण-डोंबिवलीत ६५ बिल्डिंगांनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेरा नंबर मिळवले होते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टानं त्या पाडायला सांगितलं. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर विसंबू नका, परवानगीवरचा जावक क्रमांक घेऊन स्वतः नगररचना विभागात जा, मंजूर नकाशाची सर्टिफाइड कॉपी मागा, टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज टाका. मग तो नकाशा आणि टेप घेऊन फ्लॅटमध्ये उभे राहा, बाल्कनी आत घेतलीय का, डक्टवर (पाइपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेवर) स्लॅब टाकलाय का, खालच्या पार्किंगचं दुकान झालंय का ते बघा. भोगवटा पत्र (बिल्डिंग वापरायची महापालिकेची परवानगी) नीट वाचा, कधी कधी ते पार्ट, म्हणजे काही भागापुरतंच असतं आणि तुमचा मजला त्यात नसतोच.

टोकन दिलं असेल तर पुढचा हप्ता थांबवा आणि नियमित करून देण्याची अट करारात लिहून घ्या, तोंडी नको.

घेऊन बसलात आणि एमआरटीपीची (राज्याच्या नगररचना कायद्याची) कलम ५३ ची नोटीस आली तर ती ड्रॉवरमध्ये टाकू नका, त्यातल्या मुदतीत आर्किटेक्टकडून नियमितीकरणाचा अर्ज करता येतो. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ती मर्यादा, शिल्लक असेल, साइड मार्जिन, म्हणजे बिल्डिंगभोवतीची मोकळी जागा, सुटत असेल तर दंड भरून जमू शकतं, सार्वजनिक कामासाठी राखीव, म्हणजे आरक्षणाच्या जागेवर असेल तर आशा धरू नका. आमच्या भावाच्या बिल्डिंगचा एफएसआय आधीच संपलेला, त्यामुळं खोली त्यालाच पाडावी लागली, मजुरी खिशातनं.