धम्मपदाच्या वाटेने बौद्ध विचाराकडे कसे जावे

आशियातील सगळे धर्म आणि तत्त्वज्ञाने एकदम समजून घेऊ गेल्यास हाती बहुधा नावांची यादीच उरते. म्हणून एखाद्या मूळ ग्रंथापासून सुरुवात करावी, आणि मराठी वाचकाला त्यासाठी धम्मपद या बुद्धवचनांच्या पाली पद्यसंग्रहाइतका जवळचा ग्रंथ क्वचितच सापडेल, असे मला मनापासून वाटते. त्यात २६ वर्ग, म्हणजे प्रकरणे, आणि ४२३ गाथा, म्हणजे श्लोक, आहेत.

रोज एकच गाथा घ्यावी आणि भाषांतर झाकून ती आधी मोठ्याने वाचावी. पाचवी गाथा पाहा: 'न हि वेरेन वेरानि सम्मन्तीध कुदाचनं'. 'वेर' म्हणजे आपले वैर, 'सम्मन्ति' म्हणजे शमतात, 'इध' म्हणजे इथे आणि 'कुदाचनं' म्हणजे कधीही. एवढे जुळले की वैराने वैर कधीच शमत नाही, हा अर्थ आपोआप उमगतो. भाषांतर उघडावे ते त्यानंतर.

सर्वांत जास्त सावधगिरी 'धम्म' या शब्दाबाबत बाळगावी. 'मनोपुब्बङ्गमा धम्मा' या पहिल्या गाथेत तो अनेकवचनी असून मनाच्या अवस्था सुचवतो, तर पाचव्या गाथेच्या अखेरीस, 'एस धम्मो सनन्तनो' येथे, तो सनातन नियम होतो. दोन्हीकडे सरसकट 'धर्म' असे लिहिले तर विचाराचा गाभाच निसटतो. हा शब्द जिथे येईल तिथला अर्थ वहीत वेगळा नोंदवावा. अट्ठकथेतील, म्हणजे धम्मपदावरील पाली टीकेतील, गोष्टी मोठ्या रसाळ आहेत, परंतु त्या गाथांहून पुष्कळ नंतरच्या असल्याने दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवाव्यात.